खताच्या खड्ड्यामागची फुलपाखरं

चंद्रपुरातल्या आमच्या वसाहतीत फुलपाखरांसाठी बाग आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ते मनापासून केलं. अळ्यांना खायला कढीपत्ता आणि रुई, फुलपाखरांना मधासाठी सदाफुली आणि झेंडू. माणसांसाठी मुतारी तेवढी आखायला विसरलो. मला साखरेचा आजार. सकाळच्या कामात दोनदा तरी खताच्या खड्ड्यामागे जावं लागायचं.

पावसाळा सरला आणि फुलं सोडून फुलपाखरं तिथेच उतरली. पिवळी, निळी, पट्टेरी. मोजता मोजता मी दोनदा चुकलो. ओल्या मातीला सोंड लावून बसलेली. त्यांना मातीतला खार हवा असतो, हे मला ठाऊक होतं. तो खार कुणाचा, हेही.

बागेत काम करणाऱ्या बाई कडुलिंबाचा पाला उकळलेलं पाणी घरून कॅनमध्ये भरून, सायकलला लटकवून आणायच्या आणि तिथे ओतायच्या. फिरायला आलेले लोक विचारत, "बाई, काय जादू केली?"

"कडुलिंबाचं पाणी टाकतो नं जी."

लोक वाखाणत. मी मान खाली घालून पाण्याचा पाइप गुंडाळत बसे.

त्यांचं हे ओझं मला बघवेना. मी आठवडाभर स्वतःला आवरलं. फुलपाखरं घटली. बाईंनी एका कॅनच्या दोन केल्या. आता तिकडे जावं तर फसवणूक, न जावं तर त्यांची मेहनत वाया. शिवाय पोटात कळ.

शेवटी त्या दुसरी कॅन उतरवत असताना मी म्हणालो, "बाई, फुलपाखरं तुमच्या पाण्यानं नाई आली. माझ्यानं आली." आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी कॅन खाली ठेवली. "मले दिसत नाई का, भाऊ? वास मरावा म्हणून त पाणी आणून राह्यलो. लोकाईले काय सांगू, हे भाऊची करामत हाय म्हणून?"

"मंग दुसरी कॅन काऊन?"

"फुलपाखरं गेली, तुमचं तोंड उतरलं. म्हटलं पाणी वाढवून पाहू."

आम्ही खड्ड्याच्या कठड्यावर बसून इतके हसलो, की फिरणारे थांबून बघू लागले.

आता त्या कोपऱ्यात शेण आणि खडेमीठ कालवलेली ओली माती असते. फुलपाखरांना ती चालते. पुढच्या बागेचा नकाशा मी आधी बाईंपुढे पसरला. त्यांनी कुंपणाजवळ बोट ठेवलं. "पयले मुतारी. मंग तुमची फुलं."