चौथ्या खुणेपर्यंत

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी शाळेसाठी केलेलं पुठ्ठ्याचं दीपगृह दाखवलंत. मी सवयीने विचारलं, "नक्की किती सेंटिमीटर?" धाकटा लगेच पट्टी घेऊन फिरत्या खुर्चीवर चढला आणि मी किंचाळले. तुमच्या आईने विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणून फोन ठेवला. काही नाही, हे खरं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी दर गुरुवारी सावेडीहून एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाते. सातवीच्या वर्गशिक्षिका आमच्याच कॉलनीत राहतात, त्यांच्या स्कूटीवर मागे बसून. मुलं त्यांना बाई म्हणतात आणि मला मोठ्या बाई. हिवरे बाजारच्या त्या बाजूला पाण्याची नोंद ठेवणं मुलांनाही नवं नाही. त्यामुळे तालुक्याच्या प्रदर्शनासाठी वर्गाने प्रकल्प निवडला तो गावातल्या विहिरींचा. दोन-दोन मुलांना एकेक विहीर. काठापासून पाणी किती खाली आहे ते दर आठवड्याला मोजायचं आणि मोठ्या कागदावर निळ्या पट्ट्या रंगवायच्या.

वह्या तपासायचं काम मी आपण होऊन मागून घेतलं.

एका मुलीने लिहिलं होतं, 'पाणी चार परस खाली.' परस म्हणजे एका पुरुषाची उंची. तिकडे विहीर अशीच मोजतात. तिने आजोबांना ताठ उभं करून सुतळी त्यांच्या टाचेपासून डोक्यापर्यंत धरली होती, तेवढ्या अंतरावर गाठी मारल्या होत्या आणि टोकाला दगड बांधून ती विहिरीत सोडली होती. मी लाल पेनने खाली लिहिलं, 'परस कोणाचा? सुतळी भिजल्यावर तेवढीच राहते का? मीटरमध्ये, टेपने मोजावे.' अक्षर छान वळणदार काढलं होतं, तेही आठवतं.

पुढच्या गुरुवारी दुपारच्या सुट्टीनंतर ती मुलगी वर्गात नव्हती. तिची जोडीदारीण तेवढ्यात धापा टाकत आली आणि फळ्याजवळचा खडू उचलून परत निघाली. बाईंनी तिला दारातच धरलं.

"कुठं चाललीस?"

"इहिरीवर. खडू संपला, बाई."

"विहिरीवर खडू कशाला?"

"खुना करायला. तिच्या आईचा शिवनाचा टेप दीडच मीटरचा हाय. दीड मीटर झालं की ती खून करती, मंग खाली उतरती, मंग परत दीड मीटर."

"खाली म्हणजे कुठं खाली?"

"आतच की." तिला आमचे चेहरे कळेनात. "मी म्हनलं तिला, आजोबालाच टेप लाव, चारनं गुन, झालं. तर म्हनती, मोठ्या बाई इचारतील, आजोबा भिजल्यावर तेवढाच ऱ्हातो का."

वर्ग हसला. बाई पळत सुटल्या होत्या. "तिला पोहता येतं का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि तिचंही हसू गेलं.

शाळेमागचं ते वावर मी एरवी पाच मिनिटांत ओलांडते. त्या दिवशी ते संपेना. चप्पल ढेकळांत अडकत होती. मी मनात वाक्यं जुळवत होते, तिच्या आईला सांगायची, आणि प्रत्येक वाक्य 'मी फक्त' असं सुरू होत होतं.

विहिरीला कठडा नव्हता. काठावर तिच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या, शेजारी वही. मी पोटावर आडवी झाले आणि आत पाहिलं. भिंतीतून बाहेर आलेले दगड हीच पायरी, आणि त्यांच्या बाजूने खडूच्या पांढऱ्या रेघा खाली उतरत गेलेल्या. एक, दोन, तीन, चार. चौथ्या रेघेखाली पाणी. मुलगी कुठेच नाही.

पाणी अगदी स्थिर होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. बाईंनी माझा खांदा इतका घट्ट दाबला की नंतर चार दिवस वळ होता.

"आनला का गं खडू?" खालून आवाज आला.

ती आमच्याच बाजूला होती. बाहेर झुकलेल्या दगडाखाली, मोटारीच्या काळ्या पाइपला एका हाताने विळखा घालून, टेप गळ्यात टाकून उभी. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ओरडलं की दचकेल. मग त्या अगदी वर्गात बोलतात तशा म्हणाल्या, "खडू राहू दे. तू वर ये."

तिने मान वर केली. तोवर ती भ्यालेली नव्हती. मग तिला माझा चेहरा दिसला. तिने पाइप दोन्ही हातांनी आवळला तो तेव्हा. पाइप हलला, खडूची भुकटी पाण्यावर पडली.

"मोठ्या बाई, थोडंच ऱ्हायलंय. बरोबर लिवते मी."

ती विहिरीला भीत नव्हती, मला भीत होती. मला ते तिथे पोटावर पडल्या पडल्या कळलं, आणि आता माझ्याच तोंडाने तिला वर आणायचं होतं.

"चार परस बरोबर आहे," मी म्हणाले. "माझंच चुकलं. डावा पाय त्या रुंद दगडावर ठेव. सावकाश. मला कुठे जायची घाई नाही."

ती एकेक दगड चढली. तिसऱ्या रेघेपाशी थांबली, तेव्हा मी आजोबांचं नाव विचारलं, वय विचारलं, ते ताठ उभे राहिले का विचारलं. "न्हाई, लई हसत हुते," ती म्हणाली आणि चढू लागली. बाईंनी तिचं मनगट पकडलं, मी दुसरं. तिचे गुडघे सोलले होते. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि मगच त्या रडल्या. मला उठता येईना. तिची जोडीदारीणही मागोमाग आली होती, दोघी मुलींनी मला उठवलं.

त्या महिन्यात वर्गाचा कागद प्रदर्शनाला गेला आणि तालुक्यात तिसरा आला. सगळ्या विहिरींच्या पट्ट्या पूर्ण होत्या, तिची सोडून. तिच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चार परस. मीटरने सहापर्यंत मोजलं. पुढचं मोजायचं राहिलं, मोठ्या बाईंनी वर बोलावलं.'

मी तिला म्हणाले, दोरीने मोजून भरून टाकायचं होतंस.

"दोरी तुमाला चालत न्हाई ना," ती म्हणाली. टोमणा नव्हता, खरंच वाटत होतं तिला. प्रमाणपत्र छातीशी धरून ती उभी होती.

दीपगृह किती उंच आहे ते मला सांगू नका. खुर्ची तेवढी भिंतीला लावून ठेवा.