लीगचा कप आणि तुपाची बरणी

आमच्या निनादच्या कॉलेजचा फुटबॉल संघ लीगचं विजेतेपद का गमावू शकतो, याची पाच कारणं मी शेवटच्या सामन्याआधीच लिहून काढली होती. पाचही चुकली. संघ मात्र हरला.

कारणं लिहून काढणं हा आमच्या घरातला आनुवंशिक आजार आहे. बाबा आज कुवेतमध्ये एका दवाखान्यात एक्स-रे काढत असले, तरी तरुणपणी नांदेडला कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. मला झोपवताना परीकथांऐवजी तीच वाचून दाखवायचे. (गोष्टीच्या शेवटी राजकन्येचं लग्न होतं, हे मला शाळेत कळलं. तोवर मला वाटायचं, शेवटी मागण्या मान्य होतात.) त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात पेनाकडे जातो. पण परक्या देशात रस्त्यावर पत्रकं वाटत फिरायची सोय नाही. म्हणून माझी सगळी चळवळ इथल्या फिंतास भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या दारावर चालते. वाचक तीन: आई, बाबा आणि निनाद. त्यातला निनाद फक्त थंड पाण्यासाठी येतो.

निनाद माझा धाकटा भाऊ आणि संघाचा कप्तान. कॉलेजचं शेवटचं वर्ष. आधी दोनदा कप हाताशी येऊन निसटलेला. यंदा मात्र संघ एकही सामना हरला नव्हता आणि शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरणार होती. पठ्ठ्यानं हॉलमधल्या शेल्फवरची माझी पुस्तकं उचलून कपासाठी जागासुद्धा करून ठेवली होती!

"तायडे, काढ ते फ्रिजवरून! अपशकुन आहे!"

"हे विश्लेषण आहे. अपशकुनावर माझा विश्वास नाही."

"माझा आहे! निदान शुक्रवारपर्यंत!"

मी काढलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. पहिलं कारण होतं गर्व. दुसरं, कप्तान बहिणीचं ऐकत नाही. तिसरं, गोलकीपर युसुफ चेंडू अडवण्याआधी केस सावरतो. चौथं आता आठवत नाही, पण तेही जळजळीत होतं. आणि पाचवं: सामन्याआधी सगळा संघ बर्गर खातो! खाली लाल पेनानं लिहिलं होतं, 'परक्या कंपन्यांचा पाव पोटात घेऊन कुठलीही लढाई जिंकता येत नाही!'

आई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ड्यूटीवरून आली, पर्स खांद्यावरच ठेवून तिनं पत्रक वाचलं आणि पाचव्या कारणापाशी थबकली.

"काय बाई! लेकरं पावावर खेळायलीत होय? शुक्रवारी जेवायलाच बोलव रे सगळ्यांना. पुरणपोळ्या करते."

"आई, सामना आहे त्या दिवशी!" निनाद किंचाळला.

"म्हणून तर!"

माझ्या पत्रकाची कुणीतरी दखल घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदा! मी निनादला बाजूला घेऊन सुनावलं, की आईच्या हातच्या अन्नाला नाही म्हणणारा कप्तान जनतेपासून तुटलेला असतो. त्या बिचाऱ्यानं संघाला निरोप धाडला.

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून संघ आला. इजिप्शियन, कुवेती, मल्याळी, फिलिपिनो, सगळे आमच्या हॉलमध्ये मांडी ठोकून ओळीनं बसले. शेवटी कोच. निनादनं त्यांना लिफ्टमध्येच दम भरला होता, "ताटात काहीही टाकायचं नाही. माझ्या आईला वाईट वाटतं." आता हा संघ लीगमध्ये कशासाठी प्रसिद्ध होता? शिस्तीसाठी!

आणि आमच्या आईचा नियम असा, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये.

युसुफनं पोळी संपवली, आईनं दुसरी वाढली. त्यानं शिस्तीत तीही संपवली, आईनं तिसरी वाढली, वर तुपाची धार सोडली.

"खलास, आंटी! खलास!" युसुफ म्हणाला.

"खलास कसलं? कुल, कुल!" आईनं हॉस्पिटलमधलं अरबी बाहेर काढलं. खा, खा, असं ती तिथं रोज पेशंटना सांगते आणि तिच्या वॉर्डात कुणाची उपाशी राहायची टाप नाही.

नको असेल तर ताटावर दोन्ही हात आडवे धरून अंगानं झाकायचं असतं, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळतं. (तरी वाढणारी बोटांच्या फटीतून वाढतेच, ते वेगळं.) त्या पोरांना हे कोण सांगणार? निनाद सांगू शकला असता, पण त्याच्या तोंडात पोळी होती. मी सांगू शकले असते, पण मी भाषण करत होते.

कारण आई राखीव खेळाडूंपाशी जरा थांबली होती. "यांना बेतानंच वाढते. कुणीतरी हलकं राहिलेलं बरं."

"का?" मी कडाडले. "राखीव खेळाडू म्हणजे दुय्यम नागरिक का? बाकावर बसतात म्हणून एक पोळी कमी? या घरात भेदभाव चालणार नाही!"

"शाब्बास!" बाबा स्वयंपाकघरातून ओरडले. ते पोळ्या शेकत होते.

मग सगळ्यांना समान वाढलं गेलं. कोचलाही.

शुऐबा भागातल्या मैदानापर्यंत बसमध्ये फक्त ड्रायव्हर जागा होता. (तो खालीच थांबला होता. त्याला वाढायचं राहिलं म्हणून आई अजून हळहळते.) आम्ही मागून कारनं पोहोचलो, तेव्हा आमचा संघ सराव म्हणून गवतावर आडवा होता.

सामना सुरू झाला. म्हणजे समोरच्यांचा. आमचे अकरा जण लग्नातल्या पंगतीनंतर मंडपात फिरतात तसे फिरत होते. लवकरच त्यांचा एकजण सरळ चालत आला आणि गोल करून गेला. युसुफनं केससुद्धा सावरले नाहीत! चेंडू जवळून जाताना त्यानं त्याच्याकडे नुसतं प्रेमानं पाहिलं.

"राखीव उतरवा!" मी ओरडले.

कोचनं बाकाकडे वळून पाहिलं. बाक घोरत होता. मग कोचनंही एक दीर्घ जांभई दिली आणि घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी शेवटी चमत्कार झाला. आम्हाला पेनल्टी मिळाली! एक गोल, बरोबरी आणि कप आमचा! निनाद पुढे आला. आई देवाचं नाव घेऊ लागली. मीसुद्धा घेतलं. (बाबांना सांगू नका.) निनाद धावला, पाय उचलला, पोटाला हात लावला आणि मटकन खाली बसला. चेंडू घरंगळत निघाला. त्यांच्या गोलकीपरनं आधी बुटाची नाडी बांधली, मग चेंडू उचलला.

परत येताना बाबा कार चालवत होते. निनाद खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि मला पहिल्यांदाच कुठलीही घोषणा सुचत नव्हती. आईला मात्र शांतता सोसवत नाही.

"दमला असशील रे राजा. चार पोळ्या उरल्यात. गरम करून देऊ?"

निनादनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो असा काही हसत सुटला, की बाबांनी कार बाजूला घेतली. मग आम्ही सगळेच हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याच्या डोळ्यांतलं थोडं खरंही होतं.

आज शेल्फवर कपाच्या जागी त्या दिवशी संपलेली तुपाची बरणी आहे, घासूनपुसून लख्ख. निनादनंच ठेवली. तिच्याखाली त्यानं माझं पत्रक चिकटवलंय आणि त्यात सहावं कारण घातलंय: 'ताई.'

मी खूप आक्षेप घेतला, पण आतून सुखावले. माझी पत्रकं वाचून लोक काहीच करत नाहीत, ही माझी जुनी तक्रार होती. या एका पत्रकाची शंभर टक्के अंमलबजावणी झाली, राखीव खेळाडूंसकट!