डावीकडचं जग

देवाने आपल्याला वाचवलं असं सांगणाऱ्या माणसांपासून मी आयुष्यभर चार हात लांब राहिलो. ज्यांना वाचवलं नाही त्यांच्याशी देवाचं काय वाकडं होतं, हा प्रश्न मला लगेच पडायचा आणि तो तोंडावर विचारण्याची वाईट खोडही होती. साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी तेहतीस वर्षं काढली. धर्मावरची पुस्तकं मी वाचली, त्यांना क्रमांक दिले, वाळवीपासून सांभाळली. देवळात मात्र बायकोला सोडायला जायचो आणि चपलांपाशी उभा राहायचो. तेव्हा हे लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं आहे. जे झालं ते फार मोठं नाही. कुणी मेलेला उठला नाही. एक घोडी अडली, एवढंच.

मागच्या वर्षी मिरजेच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला काचबिंदू असल्याचं सांगितलं. डावा डोळा जवळजवळ संपला होता आणि उजव्याचीही कड आत सरकत चालली होती. ते तरुण होते, पण गोड बोलण्याच्या भानगडीत पडले नाहीत. म्हणाले, "काका, गाडी बंद करा. तुमच्या डाव्या बाजूला जग आहे, पण ते तुम्हाला कळत नाही." मला हे पटलं नाही. आंधळ्या जागी अंधार दिसेल अशी माझी समजूत होती. तसं नसतं. तिथे काहीच नसतं, आणि काहीच नाही हे दिसतही नाही. डोळा उरलेलं जग ओढून ताणून पूर्ण करून दाखवतो, आणि माणूस समाधानाने तिसरा गिअर टाकतो.

बाहेर बाकावर बायको, शालन, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी सांगितलं, "थेंब दिलेत. वयाप्रमाणे होतं." तिने मान हलवली. परत येताना गाडी मीच चालवली. रिपोर्ट गाडीच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली सरकवला, आणि त्या रात्री ठरवलं की एकदा, शेवटची, आपली आपण गाडी चालवत सहल करायची. कसलीही घाई न करता. साताऱ्याहून पलूस, तिथले द्राक्षांचे मळे आणि वाईनचा कारखाना, एक दिवस सांगली, मग शिराळ्यावरून आंबा घाट आणि खाली समुद्र. निवृत्तीपासून आम्ही हे बोलत होतो. दृष्टी जायच्या आत समुद्रापर्यंत स्वतः जायचं, हा हट्ट होता. त्यात शेजारच्या सीटवर आणखी एक जीव बसणार आहे, याचा विचार मी केला नव्हता असं नाही. केला आणि बाजूला ठेवला, हे जास्त वाईट.

शालनचं माहेर जतकडचं, मेंढपाळांचं. वडिलांनी उतारवयात मेंढरं विकून शेती धरली. ती शिकली आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. बिरोबा त्यांचा देव. पलूसला पोचलो तेव्हा ती म्हणाली, "एवढं आलोय तर आरेवाडीच्या बिरोबाला जाऊन येऊ. दर्शन घेऊ आणि परत फिरू." मी म्हणालो, "समुद्र पश्चिमेला आहे आणि तुझा देव पूर्वेला. दोघांना एका दिवसात गाठणारी गाडी अजून निघायची आहे." ती हसली नाही. मला विनोद बरा वाटला होता.

नोव्हेंबरचे दिवस होते, पण आभाळ तीन दिवस खाली उतरलेलं. मळ्यांवर धुकं, आणि धुक्यात ट्रॅक्टर औषध फवारत फिरत होते. वाईनच्या कारखान्यात कोट घातलेल्या एका इसमाने आम्हाला ग्लास गोल फिरवायला लावला आणि या वाईनमध्ये जुन्या लाकडाची आणि पावसाळी मातीची चव आहे असं सांगितलं. मला खोकल्याच्या औषधाची लागली. कुंपणाशी एक बागायतदार आभाळाकडे बघत उभा होता. मी त्याला म्हणालो, "आत तर तुमच्या द्राक्षाचं फार कौतुक चाललंय." तो म्हणाला, "व्हय, बाटलीत गेल्याव समद्यांनाच गोड लागतंय. आजून चार दीस हे आभाळ ऱ्हायलं तर बागंत काय ऱ्हात न्हाई." मग फवारणीकडे निघून गेला. त्याच्या मळ्यापेक्षा मला माझी सहल महत्त्वाची वाटत होती, आणि त्या दिवसाचं सगळं मळभ जणू माझ्यासाठीच आहे असं धरून मी परत गाडीत बसलो.

एक गोष्ट मला त्या प्रवासात खटकत होती. शालन एरवी गाडीत फारसं बोलत नाही. पण साताऱ्यापासून तिची एकसारखी टकळी सुरू होती. "डावीकडे बघा, उसाची बैलगाडी." "डावीकडे किती छान मांडव आहे." "अहो, डावीकडून सायकलवाला आला, बिचारा भिजलाय." कराडपर्यंत मी हूं हूं केलं. कुंडलजवळ म्हणालो, "मी निसर्गवर्णनाचा वर्ग लावलेला नाही." तरी थोड्या वेळाने ती म्हणाली, "डावीकडे शाळा सुटलीय." मी वेग कमी केला, पोरांचा घोळका गेला. यात जोडण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा सुचलं नाही. तेहतीस वर्षं कार्डांवर विषय जुळवण्यात गेली होती, पण ते पुस्तकांचे.

सांगलीचा मुक्काम झाला. सकाळी आठला शिराळ्याच्या रस्त्याला लागलो. शालनला रात्री झोप लागली नव्हती. मला वाटलं वाईन बाधली. इस्लामपूर मागे पडलं आणि तिची मान कलली. गाडीत शांतता झाली. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. धुकं होतं, रस्ता मोकळा होता, दुपारी घाट आणि संध्याकाळी समुद्र, असं मनात मांडत मी चाललो होतो.

शिराळ्याच्या पुढे एका वळणावर रस्त्याच्या मधोमध घोडी उभी होती. अगदी आडवी. पाठीवर सगळा संसार लादलेला: गाठोडी, पातेली, टोपलीखाली कोंबड्या, आणि सगळ्यांत वर पिवळ्या फडक्यात बांधलेलं एक बोचकं. मी जोरात ब्रेक दाबला. गाडी थोडी घसरून थांबली. घोडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत समोर बघू लागली. पलीकडे उतारावर मेंढरं पसरलेली. मी हॉर्न वाजवला. ती हलली नाही. बाजूने काढावी म्हणून मी चाक डावीकडे वळवलं आणि क्लच सोडायला लागलो, तेवढ्यात शालन जागी झाली आणि तिने माझा हात धरला. मी मान पूर्ण वळवून पाहिलं.

गाडीच्या डाव्या कोपऱ्याशी, बंपरपासून वीतभर अंतरावर, एक बाई वाकून बसली होती. पाय लचकलेलं कोकरू ती उचलत होती. तिच्या पाठीला झोळीत तान्हं मूल होतं. ते माझ्याकडे बघत होतं.

मी गाडी बंद केली. किल्ली दुसऱ्या खेपेला निघाली. खाली उतरलो. मेंढरांमागून एक म्हातारा धनगर घोंगडं सावरत आला. शिव्या खायची माझी तयारी होती, थोडी इच्छाही होती. त्याने बाईकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "दिसलं न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. बायकोने विचारू नये म्हणून मीच आधी बोलून मोकळा झालो होतो. मुलगी फोनवर विचारायची तेव्हा मी हवामान सांगायचो. हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी म्हणालो, "नाही. दिसलं नाही. मला डावीकडचं दिसत नाही."

मागे शालन उभी होती. मी वळलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"मिरजेपासून. डॉक्टरांचं दार उघडं होतं. बाकावर सगळं ऐकू आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. रोज वाटायचं, आज सांगतील." मग म्हणाली, "डोळा लागायला नको होता माझा."

तेव्हा मला कळलं की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत माझी डावी बाजू ती बोलून दाखवत होती. बैलगाडी, मांडव, सायकलवाला, शाळा. मी तिला निसर्गवर्णनावरून टोमणा मारला होता. रस्त्याच्या कडेच्या दगडावर मी बसलो.

मी उतरलो तेव्हा केव्हातरी घोडी आपण होऊन चालू लागली होती. म्हातारा तिच्याकडे बघत म्हणाला, "घटकाभर झाला आडलीया. सुनंनं वढली, मारली, पाऊल टाकंना. सा वर्सं झाली, कवा आशी आडली न्हाई. मी म्हनलं, हिला आता बाजार दाखवाय पायजे." सुनेने कोकरू खांद्यावर घेतलं होतं. ती म्हणाली, "मामा, आता तिलाच नारळ फोडा." म्हातारा हसला. "फोडतो की. देव हाय तिच्या पाठीव, तिला कोन इकतंय?"

त्या पिवळ्या फडक्यात बिरोबा होता. वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, हलतो तेव्हा त्यांचा देवही संसाराबरोबर निघतो. शालनने विचारलं तसं तिचं गाव निघालं, वडिलांचं नाव निघालं, आणि दोघं माझ्या डोक्यावरून त्यांच्या बोलीत शिरले. चाळीस वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. जाता जाता म्हाताऱ्याने विचारलं, "आता गाडी कोन हाकनार?" मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "आवं, आमच्यात वाडा हालतो तवा घोडी बायांच्याच हातात आस्ती. देव, भांडी, प्वारं, समदं त्यांच्याकडं. आमी गडी मेंढरामागनं. कुठं उतरायचं त्ये बी त्याच ठरिवत्यात. आमचं काय आडलं न्हाई आजून."

मी शालनकडे पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी तिने गाडीचं लायसन्स काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी फाटकाला गाडी घासली, आणि त्यानंतर किल्ली मी तिच्या हाती दिली नाही. मुदत संपली की नूतनीकरणाचे कागद तेवढे मी चोख भरून द्यायचो. मी म्हणालो, "तुला जमेल का?"

ती म्हणाली, "दोन महिने मी सकाळी भजनाला जाते ना?"

"हो."

"भजनाला नाही जात. मोटार स्कूलला जाते."

त्या भजनी मंडळाची मी घरात किती टिंगल केली होती ते तिला आठवत असणार. तिने ते बोलून दाखवलं नाही. मी किल्ली पुढे केली. देण्यासारखं माझ्याकडे बरंच काही आहे असं मी समजत होतो. त्या क्षणी तेवढंच होतं. म्हाताऱ्याने कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला, स्टिअरिंगला लावला, तिच्या कपाळाला लावला आणि न विचारता माझ्याही. मी पुसला नाही.

घाट ती फार हळू उतरली. मागच्या गाड्या चिडून हॉर्न वाजवत होत्या. मी डावीकडच्या सीटवर, आयुष्यात प्रथम. दरी माझ्या बाजूला होती म्हणतात. मला दिसली नाही. मला दिसत होती ती, स्टिअरिंगवरच्या हातांच्या शिरा, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर पिवळा भंडारा. समुद्रावर पोचलो तेव्हा तोही राखाडी होता आणि मला निम्माच मिळाला. आम्ही ओल्या वाळूत उभे राहिलो. ती म्हणाली, "डावीकडे एक होडी परत येतेय. दोन माणसं आहेत. एक उभा आहे." मी म्हणालो, "सांगत राहा."

घोडी अडली नसती तर सून तिथे वाकलीच नसती, असंही म्हणता येईल. मी तसं म्हणून पाहिलं आहे. मग घोडी नसती, सून नसती, शालन झोपलेली असती, आणि मी घाटात शिरलो असतो. इथपर्यंत आलो की माझा युक्तिवाद थांबतो. घोड्यांच्या स्वभावावर माझं वाचन नाही.

दृष्टी परत येणार नाही. थेंब चालू आहेत, ते जे आहे ते थोडं रेंगाळवतात. पुस्तकाची डावी पानं शालन वाचून दाखवते, आणि तेवढ्यात मला उजव्या पानावर डोकावायची घाई राहिलेली नाही. शरण जाणं म्हणजे काहीतरी भव्य असेल, डोळे मिटून हात जोडून, असं मला पुस्तकांवरून वाटत आलं. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच होतं: विचारल्यावर खरं सांगणं, आणि किल्ली देऊन दुसऱ्या बाजूला जाऊन बसणं.

थंडी संपली की आरेवाडीला जायचं आहे. गाडी ती चालवेल. या वेळी चपलांपाशी थांबायचं नाही असं ठरवलंय. मागायला काही नाही. घोडी थांबवलीस, तेवढं पोचलं, एवढं सांगून यायचं आहे.