खऱ्या माराची जाहिरात

माझा नवरा मार खाऊन घर चालवतो. चेष्टा नाही, त्याचा धंदाच तो आहे. व्हिडिओ गेममध्ये जे सैनिक, दरोडेखोर आणि राक्षस मरतात, त्यांच्यासाठी हा मरतो. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख, त्यावर चिकटवलेले बोराएवढे गोळे आणि छताला चहूबाजूंनी कॅमेरे. हा जसा कोसळेल, तसा पडद्यावरचा राक्षस कोसळतो. गोळे चिकटवायचं काम माझं. एक गोळा सुटला तरी टेक वाया जातो, म्हणून मी त्याच्या पडायच्या गादीच्या कडेलाच उभी असते. पोटात भाला घुसल्यावर कसं कळवळायचं, मानेवर कुऱ्हाड बसल्यावर आधी गुडघे टेकायचे की हात, हे सगळं त्याला तोंडपाठ. दुसऱ्या कामावर असले की घरी आल्यावर मी विचारते, "आज कसा मेलास?" तो भाजी चिरता चिरता साग्रसंगीत सांगतो.

आणि मारणारा कोण? माझा सख्खा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, माझ्या लग्नानंतर आमच्याकडेच वाढला. नवऱ्यानंच त्याला या धंद्यात आणलं. "मेहुणा रोज बदडतो आणि वर पगार घेतो, माझ्यासारखा नशीबवान कोण?" असं नवरा चारचौघांत सांगायचा. पण भावाची मूठ त्याच्या गालापासून बोटभर अलीकडे थांबायची आणि हा ती बसल्यासारखा उडायचा. इतकी वर्षं आमचं घर त्या बोटभर जागेत सुखानं नांदलं.

मग खर्च वाढले. पूर्वी वीस-पंचवीस माणसं वर्षभरात एक गेम उभा करायची. आता शेकडो माणसं पाच-पाच वर्षं राबतात आणि गवताचं पातं वाऱ्यावर कसं हलावं एवढ्यासाठी एक अख्खी खोली कामाला बसते. बनवायला जेवढं लागतं, तेवढंच पुन्हा जाहिरातीच्या घशात जातं. इतकं करून गेम आपटला की स्टुडिओला कुलूप. शेजारच्या इमारतीतला असाच बुडाला आणि त्यांच्या खुर्च्या फुटपाथवर विकायला आल्या. त्या बघून आमच्याकडचे सगळे हबकले. घाबरलेली माणसं फार वाईट, दुसऱ्याचं रक्त काढताना त्यांचा हात कापत नाही.

जाहिरातीच्या प्रमुखानं दिग्दर्शकाला बाजूला सारून स्वतःच सूत्रं हातात घेतली. पडद्यावर येणार होती दीड मिनिटाची जाहिरात, तिच्यात एकच ठोसा.

"बघणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला पाहिजे," तो म्हणाला. "हे नाटक वाटतंय. पुन्हा."

सकाळपासून 'पुन्हा' चाललं होतं. नवऱ्याचा कोपर सोलवटला, गुडघा सुजला, ओठ स्वतःच्याच दातांत सापडून फाटला. पडणं मऊ दिसतं म्हणून गादी काढायला लावली. फरशीवर रक्त सांडलं, ते पुसलं आणि पुन्हा.

शेवटी प्रमुख वैतागला. "जमत नसेल तर तसं सांगा. कॉम्प्युटरवर करून घेतो. मग तुम्ही दोघं उद्यापासून आला नाहीत तरी चालेल."

"खरंच मार मला," नवरा भावाला म्हणाला.

"भाऊजी, लागेल हो. माझा हातच उठत नाही."

मी नवऱ्याच्या खांद्यावरचा गोळा दाबून बसवत होते. तेवढ्यात तो भावाच्या कानाशी वाकला आणि हळूच बोलला, "मी मार खातो आणि तू बसून खातोस. तुझ्या बहिणीशी लग्न केलं तर तू गळ्यात पडलास. त्यापेक्षा कुत्रं पाळलं असतं तर निदान घर राखलं असतं."

मी बाजूला झाले असेन-नसेन, तोच ठोसा बसला. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. इतकी वर्षं पडण्यात मुरलेला माणूस, पण या वेळी त्याला पडताही आलं नाही. पोतं टाकावं तसा गेला खाली. भाऊ थांबला नाही. छातीवर बसून त्यानं दुसरा मारला, तिसरा मारला, उठून बरगडीत लाथ घातली. मी त्याचे केस धरून मागे ओढले, मनगटाला कडकडून चावले, तेव्हा कुठे दोघातिघांना तो आवरला. फरशीवर दोन दात पडले होते.

"कमाल!" प्रमुख टाळ्या वाजवत होता. "हेच पाहिजे होतं!"

मी तशीच उठले आणि त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. तीही आली असेल कॅमेऱ्यात. वापरा म्हणावं.

नवऱ्याचा जबडा तारांनी बांधला. नळीनं पातळ घ्यायचं आणि गप्प पडायचं. भाऊ त्या रात्री घरी आला नाही, कुणा मित्राकडे राहायला लागला. इकडे जाहिरात गाजली. चेहऱ्याचे हावभाव टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं नवऱ्याचे हलणारे ओठ टिपले होते, पण आवाज टिपलेला नव्हता. मरणारा सैनिक शत्रूच्या कानात काय बोलला, यावर सगळीकडे चर्चा. कुणी म्हणे शाप दिला, कुणी म्हणे माफी मागितली. प्रमुखाचा फोन आला, "अहो, कोट्यवधींची प्रसिद्धी फुकटात झाली! काय म्हणाला होता तो? गेममध्येही तेच टाकतो." मी त्याला अशा शिव्या दिल्या की त्या गेममध्ये टाकता आल्या नसत्या.

एका दुपारी भाऊ आला. मनगटावर माझ्या दातांचे वण होते. तो खाटेजवळ उभाच राहिला.

"भाऊजी, एकच विचारतो. मला चिडवायला म्हणालात ना ते? माझा हात उठावा म्हणून?"

नवऱ्यानं त्याच्याकडे बघितलं. जबडा बांधलेला होता, पण मान मोकळी होती. नुसती हलवायची होती. हलव रे, हलव, मी मनात ओरडत होते. तो मात्र विचार करत होता. विचार करताना त्याच्या कपाळावर पडते ती आठी मला चांगली ठाऊक आहे, ती भावालाही ठाऊक आहे. सगळं आयुष्य खोटं मरण्यात घालवलेल्या माणसाला त्या दिवशी एकदा खोटी मान हलवता आली नाही.

भावानं ती आठी पाहिली. मग "येतो, ताई," म्हणाला आणि जिना उतरून गेला.