दुरुस्तीची चिठ्ठी

माझी आई वर्षातून दोनदा रिद्धपूरला, आमच्या पंथाच्या तीर्थाला जायची, तिथल्या ओट्यांवर डोकं टेकायची आणि घरी येऊन म्हणायची, "बापा, देवाले सारं ठाव असते." मी मनात म्हणायचो, मग आम्ही कारकून कशाला? स्वभावच तसा माझा. अमरावतीच्या कचेरीत औषधोपचाराची बिलं तपासण्याचं टेबल माझ्याकडे आलं, तेव्हापासून तर देवापेक्षा नियमांच्या पुस्तकावरच माझी श्रद्धा जास्त बसली. सरकारी नोकरानं घरच्या माणसाला खाजगी दवाखान्यात नेलं, तर झालेला खर्च परत मिळण्याचा त्याला हक्क होता. अट एकच. हा इलाज सरकारी दवाखान्यात होत नाही, असा सिव्हिल सर्जनचा कागद आधी हवा. आधी म्हणजे आधी! एका दिवसानं उशिराचा कागद दिसला की मी बिल परत धाडायचो, आणि खरं सांगतो, त्यात मला मजा वाटायची.

मग माझी बायको कौसल्या आजारी पडली. सोमवारी सकाळी पोट धरून बसली ती उठेचना. सरकारी दवाखान्यातल्या धाकट्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, शस्त्रक्रिया लागेल. ती इथं होत नाही, आणि तसा कागद देणारे मोठे साहेब, सिव्हिल सर्जन, मेळघाटात दौऱ्यावर आहेत, गुरुवारी येतील. थांबू नका, अकोल्याला एक खाजगी दवाखाना आहे, तिथं न्या. एवढी सरळ गोष्ट. बडनेऱ्याला गाडी धरली की अकोला काही विलायत नाही. पण माझं डोकं कुठं चाललं? कागदाकडे. साहेब गुरुवारी येणार, कागद गुरुवारी मिळणार, म्हणजे हिला गुरुवारी न्यायचं. पैशाची सोय झाली असती, तो प्रश्नच नव्हता. दुनियेची बिलं परत धाडणारा मी. माझंच बिल परत आलं तर कचेरी हसेल, ही ती भीती. आज हे लिहिताना लाज वाटते.

मंगळवारी तिला ताप चढला. ओठ सुकून गेले. मी घरात पाऊल टाकलं की ती विचारायची, "अवो, आला का कागद?" कारकुनाशी अकरा वर्षं संसार केलेली बाई ती. तिला खरंच वाटत होतं की कागद आला की दुखणं थांबेल. बुधवारी सकाळी ती विचारेनाशी झाली. तेव्हा आईनं रिद्धपूरहून आणून देव्हाऱ्यात ठेवलेल्या पाषाणापुढे मी जाऊन बसलो. मागायला तोंड उघडलं आणि शब्द आले ते हे, की देवा, साहेब आजच येऊ दे. तिचा जीव मागायचा सोडून मी तिथंही कागदच मागितला.

तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि शेषराव आत आला. शेषराव आमच्या कचेरीतला चपराशी, मूळचा बार्शीटाकळीचा, आमच्याच पंथातला. रोज सकाळी तो मला "दंडवत, बाबूजी" म्हणायचा. आमच्यात दंडवताला दंडवतानंच उत्तर द्यायचं असतं. मी नुसती हनुवटी हलवायचो. साहेबलोकांच्या देखत चपराशाला दंडवत कोण घालणार?

"बाईले उचला," तो म्हणाला. "टांगा आणला."

"अरे, उद्या कागद मिळतो आहे..."

"मीबी कागदाचीच वाट पायली होती, बाबूजी. चार दिवस. बार्शीटाकळीले घरवाली तापानं फणफणून राहिली होती. अकोला अगदी जवळ. खाजगीत नेऊ का म्हनून तुमालेच इचारलं, तं तुमी म्हनलं, आंधी कागद आण, मंग हालव. कागद हाती आला तवा ती सरणावर होती."

त्याच्या रजेचा अर्ज माझ्याच हातून पुढे गेला होता. 'पत्नी मयत' एवढं वाचून मी तो कचेरीतल्या साहेबांपुढे ठेवला होता. कशानं मयत, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"मग तू काहून आलास रे माझ्या दारी?" मी विचारलं.

"कागदाची वाट पायनारं घर मले वळखू येते," तो म्हणाला. "आता बोलू नका. पायाकडून धरा."

अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला पाहताच टेबलावर घेतलं. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, उद्या आणली असती तर मी हात लावला नसता. कौसल्या वाचली. तीन आठवडे ती तिथं होती, आणि पहिले दोन दिवस शेषराव व्हरांड्यात बसून होता. मी त्याला जेवायला बोलवलं, तर तो नको म्हणाला.

कचेरीत परतल्यावर मी माझं बिल तयार केलं. ते नामंजूर करायचं, तेही स्वतःच्या हातानं, असं ठरवलंच होतं. नियमाचे शब्द अचूक उतरवावेत म्हणून पुस्तक काढलं. नियम बदलला की नागपूरहून छापील दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या. त्या खळ लावून त्या त्या पानावर चिकटवायच्या असत. कंटाळवाणं काम. मी त्या मागच्या पुठ्ठ्याआड खोचून ठेवायचो, सवड झाली की चिकटवू म्हणून. पुस्तक उघडताना तो गठ्ठा खाली पडला. वरच्याच चिठ्ठीवर होतं, रोग्याच्या जिवास धोका असल्यास त्यास आधी न्यावे, सर्जनचा दाखला मागाहून घेतला तरी चालेल. तारीख पाहिली. शेषरावनं मला विचारलं, त्याच्या आठ महिने आधीची.

म्हणजे माझा हक्क होता. शेषरावच्या बायकोचाही होता! ती बाई जगू शकली असती, आणि ते सांगणारा कागद माझ्या हाताशी पडून होता. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेलं नाही. कौसल्या समोर हिंडताफिरताना दिसली की आनंद होतो, आणि लगेच ती दुसरी आठवते, जिचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

ती चिठ्ठी घेऊन मी बाहेर शेषरावच्या बाकापाशी गेलो. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवली.

"पुना वाचा," तो म्हणाला. मी पुन्हा वाचली. "हे कवाचं हाय?"

मी तारीख सांगितली. मी भर व्हरांड्यात त्याच्यापुढे आडवा झालो, दंडवत म्हणालो. कचेरी दारात गोळा झाली.

"उठा, लोक पाहून राहिले," तो म्हणाला. मग हळूच, "माफ केलं म्हनाव, असं लय वाटते, बाबूजी. तोंडातून निंगत नाई." आणि फाईल उचलून आत गेला.

माझं बिल त्याच चिठ्ठीच्या आधारे मंजूर झालं. चिठ्ठ्या आता ज्या दिवशी येतात त्याच दिवशी चिकटवतो. कुणी विचारायला आला की सांगतो, आधी माणूस ने, कागदाचं मी पाहतो. त्या सकाळी शेषरावला माझ्या दारी कुणी धाडलं, याचा वाद मी घालत नाही. मी मागितला कागद आणि आला तो टांगा, म्हणून कौसल्या आहे, एवढं मला पुरतं. लोकांचं बरंवाईट माझ्या मुठीत आहे असं मी समजत होतो. ती मूठ उघडली, याला शरण जाणं म्हणत असतील तर तेवढंच मला जमलं.

परवा कौसल्या डबा घेऊन कचेरीत आली. शेषराव उठून उभा राहिला, हात जोडून तिला म्हणाला, "दंडवत, बाई." मला वाटलं, आज मलाही म्हणेल. रोज सकाळी आता मीच त्याला आधी दंडवत म्हणतो. तो हनुवटी हलवतो. मी तेवढं घेतो आणि टेबलाशी जाऊन बसतो.