पाठीवर ठिपका नसलेलं कासव

"टबाचं झाकण उघड म्हणतो ना. तुझं कासव माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात खड्डा करत बसलं होतं."

"माझं नाही ते."

"मग काय माझ्या मामाचं आहे?"

आतोबा आत्याच्या ब्यूटी पार्लरच्या मागच्या दारात उभे होते. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात चिखलाने लडबडलेलं, ताटलीएवढं कासव. ते चारी पाय हवेत मारत होतं. आत खुर्चीवर शिंपीणबाई बसल्या होत्या, एक भुवई रेखीव, दुसरी अजून रानटी. आत्याच्या दातांत दोरा होता, त्यामुळे ती भांडत होती तीही दात आवळूनच.

"आधी माझी दुसरी भुवई करा हो," शिंपीणबाई म्हणाल्या. "भांडण काय, मागाहूनही होतं. मला असं घरी नका पाठवू."

आत्याच्या परसात जुना बाथटब आहे आणि त्यात सात कासवं राहतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. लोक हौसेने दुकानातून नाण्याएवढं पिल्लू आणतात, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. पोरं दोन दिवस नाचतात. पुढे ते मोठं होतं, पाणी घाण करतं, मग "मोकळं केलं बिचाऱ्याला" म्हणून पलीकडच्या तळ्यात सोडून देतात. तिथे ही बाहेरची मंडळी ऊन खायचे दगड अडवतात आणि तळ्याच्या मूळच्या कासवांच्या तोंडचा घास पळवतात. मूळचं कासव, पिवळ्या ठिपक्यांच्या डोक्याचं, आत्याने शेवटचं पाहिलं तेव्हा पार्लर नुकतंच थाटलं होतं. त्यानंतर नाहीच. मग तिने आरशावर पाटी चिकटवली: 'कासव तळ्यात सोडू नका, मला द्या. फेशियलची सक्ती नाही.'

दोरा बाजूला ठेवून आत्या कासवाजवळ आली.

"अहो, माझ्या प्रत्येक कासवाच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका आहे. प्रत्येकाची शेड वेगळी. ह्याच्यावर कुठाय?"

"धुऊन गेला असेल."

"तीन कोट देते मी."

"मग चिखलाखाली असेल. माझ्या चिखलाखाली. दहा वेळा सांगितलं, झाकणावर दगड ठेव. त्या रोपांना मी बियांपासून वाढवलंय. यंदा कुठे फुलं धरलीत."

"रोज सकाळी गप्पा मारता त्यांच्याशी. माझ्याशी बोललात तर मलाही फुलं धरतील."

शिंपीणबाई खुसखुसल्या.

आत्याने कासव बेसिनमध्ये ठेवलं, कोमट पाणी सोडलं आणि फेशियलच्या मऊ ब्रशने पाठ घासायला घेतली. ठिपका दिसला नाही. मग तिने करंगळीने मान पुसली. लाल पट्टाही नव्हता. चिखलाखालून एक पिवळा ठिपका उजळला, शेजारी दुसरा, मग डोक्यावर सगळीकडे, कुणी हळद शिंपडावी तसे.

आत्याचा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

"काय झालं?" आतोबांनी विचारलं. "लागलंय का त्याला?"

"आपल्या तळ्यातलं आहे हो हे. मूळचं." तिने नळ बंद केला. "मी समजत होते, संपली सगळी."

शिंपीणबाई गळ्यातल्या कापडासकट उठून बेसिनवर वाकल्या. "अगंबाई, दिसायला किती गोड. आणि भुवया करायची भानगडच नाही."

आत्या हसली, डोळे पुसले आणि तिथेच उभ्या उभ्या गोल फिरली. तिचं वय आणि गुडघे पाहता हे नवलच होतं. मग अचानक थबकली.

"खड्डा करत होतं म्हणालात?"

"मागच्या पायांनी. चांगला वीतभर. दोन रोपं आडवी केलीन."

"अहो, बाई आहे ही. अंडी घालायला आलीय. पाण्यातून निघून, रस्ता ओलांडून, अख्ख्या गल्लीत तिला तुमचीच माती पसंत पडली."

"पडणारच," आतोबा नकळत बोलून गेले. "चाळून घेतलीय मी ती."

"मग आता तिला जिथून उचललंत तिथेच नेऊन ठेवायचं. आणि पिल्लं निघेपर्यंत वाफ्यात पाणी नाही, खुरपणं नाही, काही नाही."

"आणि टोमॅटो?"

टोमॅटोचं काय होणार ते दोघांनाही कळत होतं. शिंपीणबाईंनी खाली मान घातली, बहुधा पहिल्यांदाच.

"टोमॅटो बाजारात मिळतात हो," आत्या हळूच म्हणाली. "ही मिळत नाही. द्याल का तिला वाफा?"

आतोबांनी बेसिनकडे पाहिलं. कासवाने मान पुरती बाहेर काढली होती आणि ते त्यांच्याकडेच बघत होतं. त्यांनी हातातलं खुरपं कंगव्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं, दोन्ही हात शर्टाला पुसले, कासव अलगद उचललं आणि मागच्या दाराने बाहेर पडले.