भाव न करता घेतलेली पैठणी

माझं लिव्हर जुन्या काविळीने खाल्लं. दारूला मी कधी शिवलो नाही, तरी मार्केट यार्डातले लोक अजून माझ्याकडे बघून डोळे मिचकावतात. कोथिंबिरीच्या जुड्या विकत मी स्वतःचा गाळा उभा केला, ते कुणाच्या लक्षात नाही.

पोटात सारखं पाणी भरायला लागलं, तेव्हा मुंबईला नेऊन लिव्हरमध्ये नळी बसवली आणि रक्ताला आडवाट काढून दिली. पाणी थांबलं. पण नाशिकच्या डॉक्टरांनी बायकोला बजावलं, की आता रक्त लिव्हरला चुकवून जातं, त्यातली घाण मेंदूला चढू शकते. म्हणून हे गोड, चिकट सिरप चुकवायचं नाही, रोज दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. आणि चिडचिड वाढली, तर लगेच घेऊन या.

"चिडचिड तर यांची लग्नाच्या मांडवापासून आहे," बायको म्हणाली. "अजून किती वाढली म्हणजे आणायचं?"

डॉक्टर म्हणाले, मग नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की आणा.

पुढे मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायला आम्ही एसटीने येवल्याला निघालो. सिरप पिऊन एसटीत बसणं म्हणजे काय, ते पिणाऱ्यालाच ठाऊक. मी दोन दिवस आधीपासून ते बंद ठेवलं. बायकोला विचारलं नाही. विचारून करायची मला सवय नाही.

येवल्यातलं मला काही आठवत नाही, सगळं बायकोच्या तोंडून ऐकलेलं. विणकराने भाव सांगितला आणि मी हसून म्हणालो, "बरोबर आहे, बांधा." विणकरच दचकला. वर मी त्याला जेवलात का, असंही विचारलं. बायकोने पैठणी खाली ठेवली आणि मला आजचा वार विचारला. मी नुसता हसत राहिलो. तिने तिथूनच जीप ठरवून मला नाशिकच्या दवाखान्यात आणलं. तिथे एनिमा, सलाईन सगळं झालं. दुसऱ्या दिवशी मी नर्सवर खेकसलो, तेव्हा कुठे बायको चहा प्यायली.

नंतर कळलं, पैठणी तिने त्याच भावात आणवली होती.

"शुद्धीत नसलेल्या माणसाचा शब्द कसला?" मी विचारलं.

"तेवढाच एक शब्द बरा निघाला होता. तो कशाला मोडू?"

तेव्हापासून घरात मला चांगलं वागायची सोय राहिलेली नाही. परवा सुनेला म्हणालो, पिठलं छान झालंय. तिने सासूकडे पाहिलं. सासू उठली आणि सिरपची बाटली घेऊन आली. मी न विचारता वार सांगितला. पिठलं खरंच छान होतं, तेही सांगितलं. बाटली समोरून हलेना.

शेवटी प्यायलो. सकाळचं राहिलंच होतं.